सत्तेचाळिसावी ओळ

टाईपिस्टला अक्कल लागत नाही, फक्त बोटं लागतात, असं मानणाऱ्या साहेबांच्या हाताखाली मी एकतीस वर्षं काढली. त्यातल्या बहुतेकांची बोटं चांगली होती.

नगरच्या कुठल्या कचेरीत, ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांचं काही अडत नाही. मी मराठी टाईपिस्ट होते. बदलून आलेला प्रत्येक नवा साहेब पहिल्या आठवड्यात एकदा तरी विचारायचा, ‘शेखबाई, मराठी नीट जमतं ना?’ माझे वडील बेलापूरला मराठी शाळेत मास्तर होते आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला छडी द्यायचे, घरात आणि शाळेत सारखीच. तेव्हा मी नुसती ‘हो साहेब’ म्हणायची आणि त्याच साहेबांच्या मसुद्यातल्या चुका गुपचूप सुधारून टाईप करायची. एकालाही त्या सुधारलेल्या कळल्या नाहीत. कळल्या असत्या तर मुळात झाल्याच नसत्या.

परवा आमच्या पेन्शनरांच्या संघटनेनं कॉम्प्युटरवर सभासदांची यादी काढली. रकान्यांची नावं पहिल्या पानावर, पुढची पाच पानं नुसते आकडे. कुठला जन्माचा, कुठला सदस्य क्रमांकाचा, ज्याचा त्यानं ओळखायचा. एका सद्गृहस्थांचं नाव एका पानाच्या तळाशी आणि पत्ता पुढच्या पानाच्या डोक्यावर. यादी करणाऱ्या चिरंजीवांना मी हे दाखवलं तर ते म्हणाले, मावशी, सॉफ्टवेअर आपोआप करतं ते. आपोआप होणाऱ्या गोष्टींबद्दल मला फार आदर नाही. गवतही आपोआप उगवतं.

आमच्या वेळी तक्ता करायचा म्हणजे मशीनला हात लावण्याआधी पेन्सिल हातात घ्यावी लागे. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द शोधायचा आणि तो मशीनवर किती घरं, म्हणजे अक्षरांच्या जागा, खाईल ते मोजायचं. मराठीत वेलांटी, मात्रा मारल्या तरी गाडा पुढे सरकत नाही, त्यामुळे डोळ्यांना लांब वाटणारा शब्द कधी तोकडा निघतो. सगळ्या रकान्यांची बेरीज ओळीच्या एकूण घरांतून वजा करायची आणि उरलेली घरं मधल्या फटींत सारखी वाटायची. मग त्या त्या घरावर गाडा अडवणारे थांबे लावायचे. एक घर चुकलं तर अकराव्या रकान्यात पोचेपर्यंत कागद संपतो, आणि ‘शेरा’ या रकान्याला जागाच उरत नाही. शेऱ्याला जागा नसली की साहेब लोकांचा जीव कासावीस होतो, कारण काम नसलं तरी शेरा असतोच.

पान संपवणं त्याहून अवघड. कागद रुळाच्या पोटात गेलेला असतो, खाली किती उरलाय ते दिसत नाही. मी मागे एक जाड कागद लावायची, त्याची उजवी कड बोटभर बाहेर ठेवायची आणि तिच्यावर ओळींचे उलटे आकडे लिहायची. आठ, सात, सहा. आकडा तीनवर आला की थांबायचं. नवीन पान घ्यायचं, रकान्यांची नावं पुन्हा मारायची, त्याखाली रकान्यांचे क्रमांक पुन्हा मारायचे, मगच पुढची नोंद. कुठलीही नोंद अर्धी इकडे, अर्धी तिकडे तोडायची नाही. आणि सही कधीच एकटी पुढच्या पानावर जाऊ द्यायची नाही, मजकुराच्या निदान दोन ओळी तिच्या सोबतीला द्यायच्या.

हा शेवटचा नियम मला टायपिंगच्या क्लासात कोणी शिकवला नाही. नोकरी लागण्याआधी मी बेलापुरात एका दुकानाच्या माळ्यावर बाहेरची कामं घेत होते. तिथे एका संस्थेचे सचिव सभेचं इतिवृत्त घेऊन आले. पांढरंशुभ्र धोतर, तोंडात वेलदोडा. मजकूर एका पानात सहज बसत होता, पण सगळ्या सभासदांच्या सह्यांची जागा वेगळ्या कोऱ्या पानावर पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, दादा, सह्यांचं पान सुटं असेल तर ते कुठल्याही मजकुराला टाचता येईल. ते हसले आणि म्हणाले, पोरी, तू टाईप कर. मी कागद परत दिले. त्यांनी ते दुसरीकडून करून घेतले असणार, कारण पुढं त्या संस्थेची जमीन सभासदांच्या एकमतानं विकली गेली, आणि ते एकमत सभासदांना नंतर कळलं. हा प्रसंग मी कौतुकानं सांगत आले आहे. एकवीस वर्षांची मी आणि एवढी हिंमत, असं. आता जे सांगणार आहे ते कौतुकाचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाची कामं आमच्याच कचेरीतून चालत. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. कुठल्या गावाला कुठलं काम, मजूर किती, मंजुरी कधीपर्यंत, अशा अकरा रकान्यांचा तक्ता दर महिन्याला निघे. तो मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर टाईप करायचा. रिबन बाजूला सारायची, अक्षरांचे खिळे थेट मेणावर पडू द्यायचे, म्हणजे अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. ‘ठ’ जोरात मारला की त्याचं पोट गळून पडतं, म्हणून तिथे बोट हलकं. मग ते स्टेन्सिल किसनराव शिपाई सायक्लोस्टाईलच्या ढोलावर चढवायचे आणि शाईतून प्रती काढायचे. तालुक्याला जी प्रत जाईल तिच्यात ज्या गावाचं नाव असेल तिथलं काम पुढं चालू राही. नसेल तिथलं बंद.

त्या वर्षी आलेल्या साहेबांना कागद सुबक हवा असे. दुष्काळाचा तक्ता सुबक कसा असतो हे मला अजून कळलेलं नाही. प्रत्येक गोष्ट एका पानात हवी हा त्यांचा ध्यास. किसनराव त्यांना पाठीमागे एकपानी साहेब म्हणायचे. मोठ्या साहेबांना पान उलटायला आवडत नाही, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि नोकरीत त्यांनी मन लावून ऐकलेली तेवढी एकच गोष्ट असावी.

उन्हाळ्यातला तो तक्ता मी नेहमीसारखा दोन पानांत बसवून दाखवला. सत्तेचाळीस कामं होती. साहेबांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि तोंड वाकडं केलं. मोठे साहेब पाहणीला येणार होते. एका पानात करा, म्हणाले. मी सांगितलं की बसणार नाही. ओळी चिकटवून मारल्या तरी शेवटची ओळ स्टेन्सिलच्या खालच्या खुणेपलीकडे जाईल आणि तिथे ढोलाची शाई पोचत नाही. ते म्हणाले, तुम्ही टाईप करा, मशीनचं मशीन बघेल.

इथं मी कागद परत द्यायला हवे होते. दिले नाहीत. मला नोकरीत कायम व्हायचं होतं, आणि कायम करण्याच्या कागदावर याच माणसाची सही लागणार होती. शिवाय, खरं सांगायचं तर, एवढा मोठा तक्ता एका पानात बसवून दाखवायची खुमखुमीही होती. मी रकान्यांच्या फटी कमी केल्या, ओळी चिकटवल्या, गावांची नावं आखूड केली. सेहेचाळीस ओळी खुणेच्या आत बसल्या. सत्तेचाळिसावी खुणेच्या खाली गेली. ती पाथर्डीकडच्या एका वाडीची होती, तिथं नालाबांधाचं काम चालू होतं. ती ओळ मी पूर्ण मारली, अकराच्या अकरा रकाने, आणि स्टेन्सिल किसनरावांना दिलं.

किसनरावांनीही खालची खूण पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेबांनी सांगितलंय. त्यांनी दांडा फिरवला. पहिल्या दोन-तीन प्रतींवर तळाला मुंग्या चालल्यासारखे ठिपके उमटले, पुढच्या प्रती स्वच्छ. सोबतच्या पत्रात ‘एकूण कामे ४७’ असं मीच टाईप केलं होतं, पण कोणी मोजलं नाही. मोठ्या साहेबांना तक्ता फार आवडला, असं आमचे साहेब चार दिवस सांगत होते.

आठवड्याभरानं कचेरीच्या ओट्यावर तीन माणसं येऊन बसली. दोन पुरुष आणि एक बाई. बाईचं नाव ठकूबाई, वय तीस-पस्तीस असेल, हातांना खडी फोडून भेगा पडलेल्या. पाथर्डीपर्यंत चालत आणि तिथून चाऱ्याच्या ट्रकमधून आले होते. पुरुष कोणाशी बोलायचं ते ठरवत होते, तोवर ती सरळ हेडक्लार्कच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. हेडक्लार्कना आम्ही नाना म्हणत असू. तिनं सांगितलं की वाडीचं काम बंद झालंय, मुकादमानं मस्टर, म्हणजे हजेरीपट, नेलं आणि मस्टरबरोबर पोरांना खायला मिळणारी सुकडीही थांबली. मुकादमाला विचारलं तर तो म्हणतो, यादीत नाव नाही. नानांनी फायलीतली प्रत काढली, तक्त्यावरून बोट खाली नेलं आणि म्हणाले, नाही. सरकारनं बंद केलं असणार.

“बंद केलं तर का केलं ते लिवलं आसंल ना,” ठकूबाई म्हणाली. “त्ये वाचून दावा.”

नाना म्हणाले, बंद झालेल्याचं कारण लिहीत नाहीत, चालू असलेल्यांचीच यादी असते.

मी दोन टेबलं सोडून बसले होते. वाडीचं नाव कानावर पडलं आणि माझी बोटं किल्ल्यांवरच थांबली. मी उठून नानांना हळू आवाजात सांगितलं की ती ओळ आहे, मी मारली आहे, छापली गेली नाही. पत्रात सत्तेचाळीस आहेत, तक्त्यात मोजून बघा. नानांनी मोजलं. सेहेचाळीस भरले. मग ते म्हणाले, पत्रातला आकडा टाईप करताना चुकला असेल तुमचा. नानांची मला कीवही येते आणि रागही येतो. तीस वर्षं नोकरी करून त्यांनी एवढंच कमावलं होतं, की समोर कुठलीही गोष्ट आली तरी ती आपल्यापर्यंत येणार नाही असं वाक्य आधी तयार ठेवायचं.

मी किसनरावांच्या खोलीत गेले. वापरलेली स्टेन्सिलं ते जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवायचे, पुन्हा प्रती लागल्या तर म्हणून. आम्ही दोघांनी ते स्टेन्सिल शोधून काढलं. त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं खालची कड पुसली. मी ठकूबाईला आणि तिच्याबरोबरच्या दोघांना आत बोलावलं आणि स्टेन्सिल खिडकीच्या काचेला लावलं. बाहेर ऊन मरणाचं होतं. वरच्या ओळी शाईनं काळ्या झाल्या होत्या, पण पुसल्यावर तळाची ओळ स्वच्छ झाली होती, तिथे शाई जेमतेमच पोचली होती. अक्षरांच्या भोकांतून ऊन आत येत होतं. त्या दोघांतला एक, ठकूबाईचा दीर, चौथीपर्यंत शिकलेला होता. त्यानं अक्षर अक्षर जुळवत वाडीचं नाव वाचलं. ठकूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि दिराला म्हणाली, “पुन्यांदा वाच.” त्यानं पुन्हा वाचलं.

मी ते स्टेन्सिल तसंच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांच्या काचेखालच्या नकाशाला शाई लागली, त्याचंच त्यांना आधी वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं की ओळ खुणेखाली गेलीच कशी. मी म्हटलं, आपण एका पानात करायला सांगितलंत, तेव्हाच मी बोलले होते. ते म्हणाले, बोललात, पण लेखी कळवलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतःच्या अक्षरातला एक मसुदा माझ्या टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले की तातडीचं आहे. ‘श्रीमती शेख, मराठी टंकलेखिका, यांनी निष्काळजीपणे शासकीय तक्त्यातील नोंद पानाबाहेर टंकलिखित केल्याने’ अशी सुरुवात. कचेरीत मराठी टाईपिस्ट मी एकटीच, त्यामुळे माझा मेमो मलाच टाईप करायचा होता. मी केला. समास डावीकडे दीड इंच, उजवीकडे एक. नानांनी ‘निष्काळजी’ मधला नि दीर्घ काढला होता, तो ऱ्हस्व केला. साहेबांची सही पानावर एकटी पडणार नाही याची काळजी घेतली. मग माझ्याच टेबलावर तो कागद माझ्याकडेच आला आणि पोच म्हणून मी सही केली.

वाडीचं काम पुन्हा सुरू व्हायला शुद्धिपत्रक लागणार होतं. एका ओळीचा कागद, पण सही मोठ्या साहेबांची, आणि मोठे साहेब दौऱ्यावर. आमच्या साहेबांनी ठकूबाईला सांगितलं की घरी जाऊन बसा, कागद मागोमाग येईल. मोठे साहेब परतले, कागदावर सही झाली, नंतर तो जावक क्रमांकासाठी एक दिवस पडून राहिला. काम बंद पडल्यापासून तेरावा दिवस होता. तो शनिवार. टपालानं गेला असता तर आणखी चार दिवस. मी त्याची एक सहीशिक्क्याची प्रत मागून घेतली आणि रविवारी सकाळच्या एसटीनं पाथर्डीला गेले. तिथल्या ओव्हरसियरला घरी गाठलं. तो जेवत होता. मी कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि वाचून होईपर्यंत उभी राहिले. भला माणूस असावा, हात धुऊन त्यानं मुकादमाला बोलावणं धाडलं आणि आम्हाला जीपनं वाडीवर नेलं.

मला वाटलं होतं की बांध सुना पडलेला असेल. बांधावर तीसेक माणसं होती. मस्टर नव्हतं, मुकादम नव्हता, पाण्याचा टँकरही बंद झाला होता, आणि ती माणसं माती टाकत होती. मस्टर नसताना टाकलेली माती मजुरीच्या हिशेबात कुठंच लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते तेरा दिवस पुढेही कुठं लागले नाहीत, त्याचीही एकदा चौकशी केली मी. बाकीची घरं मात्र निघून गेली होती. कोणी प्रवरेकडे, कोणी कुठं, ज्यांचं त्यांनाच माहीत. ठकूबाईचा नवराही थोरल्या मुलाला घेऊन गेला होता. कुठल्या गावाला, ते तिला सांगता येईना.

ओव्हरसियरनं कागद वाचून दाखवला. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी माझे आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. ठकूबाईनं मला सावलीला बसवलं आणि तांब्यात तळाशी राहिलेलं पाणी दिलं. ते प्यायला जीव होईना, पण ती बघत होती म्हणून प्याले. मग मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं की ती ओळ मीच खाली मारली होती, आणि मारताना मला माहीत होतं की ती उमटणार नाही.

ती रागावली नाही.

“ठाव हुतं, तर मग का मारली?”

“साहेबांनी सांगितलं म्हणून.”

“आमाला बी सायबानंच सांगितलं हुतं, घरी जाऊन बसा म्हनून,” ती म्हणाली. “आमी न्हाई बसलो.”

एवढं बोलून ती उठली आणि पाटी घेऊन बांधावर गेली. मुकादम नावं लिहून घेत होता, तिथं तिला हजर राहायचं होतं.

एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती. नगर येईपर्यंत मी तिला द्यायची उत्तरं जुळवत होते. नोकरी, कायम होणं, वडिलांचं वय. सगळी खरी होती. तिच्यापुढं त्यातलं एकही उभं राहत नव्हतं.

पुढं साहेबांची बढती झाली. त्यांच्या निरोपाच्या भाषणात ‘सुटसुटीत एकपानी तक्त्याची पद्धत’ असा उल्लेख आला. ते मानपत्रही मीच टाईप केलं. दोन पानांत. मला कायम व्हायला आणखी दोन वर्षं लागली. त्या वाडीचा बांध झाला. ठकूबाईचा नवरा परत आला की नाही, मला कळलं नाही. मी परत गेले नाही, हेही इथं लिहून ठेवते.

त्या मेमोची ताकीद माझ्या सेवापुस्तकात चढली. निवृत्तीच्या आधी एका बऱ्या अधिकाऱ्यानं ते पान पाहिलं, हकीकत विचारली आणि म्हणाला, बाई, अर्ज करा, ही नोंद आपण काढून टाकू. यात तुमची काही चूक दिसत नाही. अर्जाचा मसुदाही त्यानं स्वतः करून दिला. मी तो घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि टाईप केला नाही. ताकिदीत लिहिलं होतं की मी निष्काळजीपणा केला. ते खोटं होतं, मी प्रत्येक घर मोजून मारलं होतं. पण तिच्यात जे लिहायला हवं होतं, की ठाऊक असून मारली, ते लिहिण्याची लायकी त्या कचेरीत कोणाचीच नव्हती. म्हणून जी होती ती राहू दिली.